दाराखालचा टॉवेल

लोकांना वाटतं, मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे पलंगावर कुणीतरी आडवं पडलंय आणि शेजारी एक दाढीवाला मान हलवतोय. आमच्याकडे पलंग नाही. दाढीवाला आहे, पण त्याला माणसांपेक्षा आकडे जवळचे, म्हणून आम्ही त्याला आकडेबहाद्दर म्हणतो. बाकी दोन खोल्या, एक टेबल, दोन खुर्च्या, आवाज टिपणारं यंत्र आणि एक जुना निळा टॉवेल. टॉवेल का, तर मुलाखतीच्या खोलीचं दार जमिनीपर्यंत पोचतच नाही. खालच्या फटीतून बाहेरच्या बोळातले पायांचे आवाज, सफाईवालीच्या ढकलगाडीची कुरकुर, सगळं आत येतं आणि ध्वनिमुद्रणाचा सत्यानाश होतो. रबरी पट्टी मागवून युगं लोटली, कार्यालय ढिम्म हलत नाही. म्हणून मुलाखत सुरू झाली की जो बाहेर असेल त्याने टॉवेलची गुंडाळी करून फटीत ठासायची. तेही शास्त्रीय पद्धतीचाच भाग आहे, असं आकडेबहाद्दर गंभीर चेहऱ्याने सांगतो.

माझं काम मुलाखती घेण्याचं. आमच्या मॅडम आठवणींचा अभ्यास करतात. न घडलेली गोष्ट माणसाच्या मनात पेरता येते का, हा त्यांचा प्रश्न. पद्धत साधी आहे. भाग घेणाऱ्याच्या घरच्या माणसाला मॅडम स्वतः फोन करतात आणि त्याच्या लहानपणीच्या तीन खऱ्या गोष्टी विचारून घेतात. चौथी गोष्ट आमची, बनवलेली. ती सांगून विचारायचं, असं काही याच्या बाबतीत घडलं होतं का? घरचा माणूस ठामपणे नाही म्हणाला, तरच ती वापरायची. मग त्या चारही गोष्टी आम्ही क्रम बदलून भाग घेणाऱ्याला वाचून दाखवतो आणि म्हणतो, तुमच्या घरून कळल्या आहेत, आठवेल ते सांगा. काही दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. यातली खोटी कोणती हे मुलाखत घेणाऱ्याने जाणवू द्यायचं नाही, नेमून दिलेल्या वाक्यांबाहेर जायचं नाही, कारण जराशी भुवई हलली, आवाज बदलला की समोरचा बरोबर ओळखतो.

आणि लोकांना आठवतं हो! पहिल्या खेपेला म्हणतात, छे, असं काही झालेलं नाही. दुसऱ्या खेपेला एखादा रंग सुचतो. तिसऱ्या खेपेला धडाधड सगळं, अगदी कुणी काय घातलं होतं तेसुद्धा. शेवटी आम्ही खरं काय ते सांगतो. त्यासाठी ठरलेलं बोलणं आहे आणि ते मी इतक्या जणांपुढे बोलले आहे, की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. "तुमच्या मनात काहीही बिघाड नाही. आठवण अशीच तयार होते. ही घटना तुमच्या बाबतीत घडलेली नाही." कुणी हसतं, कुणी चिडतं. एक आजोबा तर रडायलाच लागले, त्यांना त्या खोट्या आठवणीतली बाई आवडली होती. त्यांना पाणी दिलं, समजूत घातली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. मला यात कधी काही वाटलं नाही.

मागच्या अभ्यासात बाजारात हरवल्याची गोष्ट होती. नव्या अभ्यासासाठी मॅडमनी नवी बनवली आणि म्हणाल्या, "बाहेरच्यांवर करण्याआधी आपल्याच माणसांवर करून बघू." आपली माणसं म्हणजे मी. मी ताईचा नंबर देऊन टाकला. ताई सोडून विचारायला आहे कोण? आई मी तान्ही असतानाच गेली. अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली. उरलो आम्ही दोघी, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठी ताई.

आमच्या ताईबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लहानपणी ती म्हणे सारखी आजारी असायची. कुठे निघालो की अप्पा म्हणायचे, "चल, आपण दोघं जाऊ, ताईला बरं नाही." मोठेपणी मात्र तिला साधी शिंकसुद्धा आलेली मी पाहिली नाही. तिच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही. न्हाणीघरालासुद्धा नाही! ती आत असली की मोठमोठ्याने गात बसते, म्हणजे बाहेरच्याने समजून जायचं. "हिचा आवाज हीच आमची कडी," असं भाऊजी पाहुण्यांना सांगतात आणि पाहुणे पोट धरून हसतात. मीही हसायचे. एका बाबतीत मात्र माझा तिच्यावर राग होता, आणि तो मी कधी लपवला नाही. अप्पांच्या शेवटच्या आजारपणात ती पाहुण्यासारखी यायची, पलंगापासून हातभर लांब बसायची आणि निघून जायची. तिच्या घरात त्यांचा एक फोटो नाही. माझे अप्पा देवमाणूस होते. एकट्या पुरुषाने दोन मुली वाढवल्या, कधी आवाज चढवला नाही. त्यांच्याशी असं वागणारीच्या काळजाचा दगड झाला असणार, हे मी तिला तोंडावर बोलले आहे. ती उठून चहा टाकायला गेली.

तर पहिली मुलाखत. समोर आकडेबहाद्दर, चेहरा अगदी परीक्षेला बसल्यासारखा. नेमून दिलेल्या वाक्याबाहेर हा माणूस एक अक्षर बोलत नाही. त्याने चार गोष्टी वाचल्या. अप्पांनी मला मैदानात सायकल शिकवली ती. कुत्रं मागे लागलं आणि अप्पांनी त्याला चप्पल फेकून मारली ती. अप्पांनी सर्कस दाखवली, तिथे जोकर पडला, त्याचा एक बूट उडून थेट आमच्यापुढे आला आणि मी तो द्यायलाच तयार नव्हते ती. आणि चौथी अशी की पाच-सहा वर्षांची असताना मी एका खोलीत अडकले, दार उघडेना, बऱ्याच वेळाने एका मोठ्या माणसाने येऊन ते उघडलं.

पहिल्या तीन लख्ख आठवत होत्या. चौथीचं मात्र काहीच नाही. "डोळे मिटून त्या जागेची कल्पना करून बघा," तो म्हणाला. हेही ठरलेलं वाक्य. मला हसू येत होतं. डोळे मिटायच्या आधी माझी नजर दाराकडे गेली. आकडेबहाद्दर आत असला की बाहेर टॉवेल लावणारी मीच, त्यामुळे त्या दिवशी फट उघडी होती आणि तिथून बोळातल्या उजेडाची पट्टी आत आली होती. मी ती बघत राहिले. बोळातून कुणीतरी गेलं आणि पट्टी क्षणभर तुटली. डोळे मिटायचंच राहून गेलं.

दुसऱ्या खेपेला मी म्हणाले, "दाराखाली फट होती." तिसऱ्या खेपेला तोंड उघडलं आणि मला थांबताच येईना. लाकडी दार, तपकिरी रंग, खाली पोपडे निघालेले. कडी उंच. फरशी थंड. आणि दाराखालच्या फटीतून बोटं येत होती. चार बोटं, पेरांपर्यंत. नखं कुरतडलेली. मी ती धरली. गार होती.

आकडेबहाद्दराने मान खाली घालून लिहून घेतलं. मग ठरल्याप्रमाणे विचारलं, "या चारपैकी एक आम्ही बनवलेली आहे. तुम्हाला कोणती वाटते?"

"सर्कशीची," मी फाडकन म्हणाले. माझं गणित पक्कं होतं. सर्कशीला आम्ही दोघंच गेलो होतो, ताई घरी होती. जोकराच्या बुटाचं तिला कळणार कुठून? म्हणजे मॅडमनी बूट मनाने घातला आणि मी मूर्खासारखी तो आठवत बसले.

"नाही," तो म्हणाला. "खोलीची. तुमच्या मनात काहीही बिघाड नाही. आठवण अशीच तयार होते. ही घटना तुमच्या बाबतीत घडलेली नाही." आणि मग पहिल्यांदाच नियम मोडून खो खो हसला. "अहो, तुम्हीसुद्धा?"

मीही हसले. चहा मागवला, माझी यथेच्छ टिंगल झाली. आपलं जाणकार माणूस फसलं म्हणजे गोष्ट उत्तम पेरली जाते, म्हणून मॅडम खूश होत्या. सगळं छानच झालं, फक्त ती बोटं गेली नाहीत.

लोकांची आठवण जाते का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. खरं सांगून झालं की ती माणसं जिना उतरून जायची आणि आमचा संबंध संपायचा. आता मला कळायला लागलं की ती काय घेऊन उतरत असतील. कपड्यांच्या दुकानात अंगावर घालून बघायच्या खोलीत गेले, तर दार गुडघ्यापासून वर. मी ब्लाउज हातात धरून खालच्या मोकळ्या जागेकडे बघत उभी. बाहेरच्या मुलीने "काकू, बसतंय का?" विचारलं तेव्हा भानावर आले. घरी भरदुपारी न्हाणीघरात गेले आणि कडी लावायला उचललेला हात तसाच राहिला. कडी न लावता अंघोळ केली आणि चक्क गाणं म्हटलं. स्वतःचा आवाज ऐकून मधेच थांबले, कारण गाणं ताईचं होतं.

मग एक दिवस माझ्यासमोर एक बाई बसल्या होत्या, भाग घेणाऱ्या, मागच्या अभ्यासातल्या उरलेल्या. बाजारात कशा हरवल्या ते रंगून सांगत होत्या. बाहेर आकडेबहाद्दराने टॉवेल ठासला होता. फटीत निळी रेघ दिसत होती. आणि ती रेघ आत सरकली. जराशीच, पलीकडून कुणी बोटांनी ढकलावी तशी. मी उठले, दार उघडलं. बोळ रिकामा. टॉवेल जिथल्या तिथे. बाईंनी विचारलं, "काय झालं?" मला पुढचं वाक्य आठवेना. इतकी वर्षं पाठ असलेलं वाक्य! मुलाखत वाया गेली.

मॅडमनी बोलावून घेतलं, बसवलं, पाणी दिलं. मी आजोबांना दिलं होतं तसंच.

"मॅडम, ते घडलंय," मी म्हणाले.

"असं वाटतंच," त्या मऊपणे म्हणाल्या. "तू स्वतः किती जणांना हे समजावलंस? तुझ्या बहिणीने ठाम नाही सांगितलंय."

"पण गोष्टीत मी आत आहे. मला जे आठवतं त्यात मी बाहेर आहे. उजेडाच्या बाजूला. हे तुम्ही पेरलेलं नाही."

"मन आपल्या सोयीने फिरवतं. तुला माहीत आहे हे." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थोडे दिवस मुलाखती नको घेऊस."

राग आला, पण कुणाचा तेच कळेना. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या खुर्चीत बसून मीही हेच म्हटलं असतं. पण घरी जाताना एकच गोष्ट डोक्यात भुंग्यासारखी घोंघावत होती. सर्कस खरी ठरली होती. म्हणजे बुटाचं मॅडमना ताईनेच सांगितलं. मग ताईला कुणी सांगितलं? अप्पा असल्या गोष्टी घरी येऊन सांगत बसणाऱ्यातले नव्हते. शिवाय सायकल, कुत्रं, सर्कस, तिन्हीत अप्पा आणि मी. तिघांच्या घरातल्या तीन गोष्टी आणि ताई एकीतही नाही. बोटं खोटी असतील तर माझं डोकं ठिकाणावर नाही. आणि खरी असतील तर त्या दाराला कडी कुणी लावली, याचं उत्तर मला नको होतं.

तरी गेले. ताई इस्त्री करत होती. भाऊजी बाहेर गेले होते, तेवढं एक बरं.

"ताई, आमच्या मॅडमनी फोनवर तुला काय विचारलं होतं? नीट आठवून सांग."

"आता ते कोण लक्षात ठेवतंय? तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगा म्हणाल्या, सांगितल्या."

"आणि खोलीचं?"

"तुमची धाकटी बहीण कधी खोलीत अडकली होती का, म्हणाल्या. मी म्हटलं नाही. कधीच नाही. नक्की ना म्हणाल्या, म्हटलं अगदी नक्की." तिने शर्टाची बाही पालथी केली. "का गं? खोटं थोडीच सांगितलं?"

"मग दाराखालून बोटं कुणाची यायची?"

ताई वळली नाही. इस्त्री मात्र जिथे होती तिथेच राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत होते आणि ती भिंतीकडे. जळका वास आला तेव्हा मीच पुढे होऊन तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली. भाऊजींच्या शर्टावर तपकिरी डाग उमटला होता.

"तुला आठवतंय?" तिने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "पाच वर्षांची होतीस गं. तुला आठवणार नाही असंच मी धरून चालले होते."

"कोणी कोंडायचं तुला?"

"तुला माहितीये."

"नाही माहीत! तू सांग."

"घरात होतं कोण दुसरं?" ती म्हणाली आणि खाली जमिनीवरच बसली. "भाजी करपली, उलट उत्तर दिलं, आरशासमोर जास्त वेळ उभी राहिले. काहीही पुरायचं. ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. शांतपणे कडी लावायचे. मग तुला घेऊन बाहेर जायचे."

"कुठे?"

"कुठे काय. सायकल. सर्कस. मी दार वाजवलेलं तुला ऐकू जायला नको ना."

ताईला बरं नाही, आपण दोघं जाऊ. मैदानात सायकलमागे धावणारे अप्पा, घामाने भिजलेला सदरा, "मी सोडलं नाही हं, मी धरलंय" म्हणणारे. आयुष्यात मला कधी वाईट दिवस आले की मी त्या सायकलवर जाऊन बसायचे. ते सगळं तसंच होतं, एक कण खोटा नव्हता. फक्त घरी एक दार होतं.

"मग ती बोटं?"

"कधी कधी घरी आल्यावर ते झोपायचे, कडी काढायची विसरून. नाहीतर न विसरता, कोण जाणे. तू मला शोधत यायचीस. कडीला तुझा हात पोचायचा नाही. उड्या मारमारून दमायचीस, मग तिथेच खाली बसायचीस. मी बोटं बाहेर काढायचे."

"मी रडायचे?"

"छे! तू मला सर्कस सांगितलीस. जोकर कसा पडला, बूट कसा उडाला, सगळं. ते ऐकून मी आत हसले होते. खरंच हसले." ताईने पदराने तोंड पुसलं. "म्हणून तर तुझ्या मॅडमना तीच सांगितली. माझ्याकडे तुझ्या गोष्टी आहेत त्या सगळ्या अशाच ऐकलेल्या आहेत."

मग मी रडले. लाज वाटेल इतकं मोठ्याने रडले. तुझ्या काळजाचा दगड झालाय म्हणाले होते मी हिला. "तेव्हा का नाही बोललीस? मी इतकं तोंड सोडलं तुझ्यावर, तेव्हा तरी सांगायचं!"

"काय सांगायचं? तुझे अप्पा चांगले होते. दोघींपैकी एकीला तरी चांगले अप्पा मिळाले होते. ते मी कशाला काढून घेऊ?" तिने जळका शर्ट घडी घालून बाजूला ठेवला. "आणि मी नाही म्हटल्यावर तिकडे ते खोटं ठरलंय ना? राहू दे मग. कुणीतरी शिकलेलं माणूस म्हणतंय की असं झालं नाही. मला ते ऐकायला बरं वाटतं. तू काही बोलू नकोस."

नाही बोलत, असं कबूल करून मी घरी आले आणि अप्पांच्या फोटोकडे पाठ करून बसले. उतरवायला हात होईना, बघवेना.

आणि तरी मी गप्प बसू शकत नव्हते, कारण नव्या अभ्यासासाठी माणसं यायला सुरुवात होणार होती. घरोघरच्या तायांना, दादांना मॅडम फोन करून विचारणार, तुमच्या बहिणीला कधी कोंडलं होतं का? ते म्हणणार, नाही, तिला नाही. आणि मग कुणाच्यातरी हातात धरलेली खरी बोटं आम्ही खोटी म्हणून सोडवणार. मी ताईचा विषय न काढता मॅडमना एवढंच म्हणाले की प्रश्न अपुरा आहे, घरात कुणालाच कधी कोंडलं नव्हतं ना, असं विचारा. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बदलते. पण आधार काय लिहू? तुला तसं वाटतं, एवढाच?" आकडेबहाद्दर जमिनीकडे बघत होता. माझी कीव करत होता मेला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. काय चाललंय विचारलं, मी मुलाखती बंद आहेत एवढं सांगितलं. ती खोदून खोदून विचारायला लागली तेव्हा सांगावंच लागलं.

"तुला वेडी म्हणाले?"

"वेडी कशाला म्हणतील? गोड बोलून तेच म्हणतात. जाऊ दे गं, तुझं नाव मी काढलेलं नाही."

मग तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी बोळात येते तर ताई उभी. खांद्याला पर्स, केस नीट विंचरलेले. मॅडमना म्हणाली, "मी हिची मोठी बहीण. तुम्ही मला विचारलं ते मी खरं सांगितलं. जे विचारलं नाही ते आज सांगायला आलेय." मॅडम उठून उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे घरच्यांचं सांगणं भाग घेणाऱ्याच्या गैरहजेरीत नोंदवायचं असतं. मला बाहेर थांबावं लागणार होतं.

खोलीच्या दाराशी ताई अडली. "दार लावावंच लागतं?"

"ध्वनिमुद्रण असतं," आकडेबहाद्दर म्हणाला. "कडी नाही लावत, नुसतं ओढून घेतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. नको, परत जाऊ, राहू दे मला वेडी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती आत गेली. दार लागलं.

बोळात मी एकटी आणि हातात टॉवेल. आतून आकडेबहाद्दराची ठरलेली वाक्यं सुरू झाली. नाव सांगू नका, नातं सांगा. थांबावंसं वाटलं तर थांबता येईल. ताईचं काहीच ऐकू येईना. मी गुंडाळी केली, फटीपाशी नेली आणि ती तिथे ठासणं माझ्याच्याने होईना. टॉवेल बाजूला टाकून मी तिथेच फरशीवर बसले. समोरून सफाईवाली ढकलगाडी घेऊन येत होती, ती माझ्याकडे बघून थांबली. बघू दे. मी दाराखालून बोटं आत सारली, जाईपर्यंत सारली, पेरं खरचटली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग आत खुर्ची सरकली. आणि नेमलेल्या वाक्याबाहेर एक अक्षर न बोलणारा तो माणूस म्हणाला, "अहो, ताई, खाली कशाला बसताय?"

माझी बोटं कुणाच्यातरी बोटांनी धरली. गार होती.